वृद्धाश्रमातील मृत्यूंचा अभ्यास : अकस्मात मृत्यूचे कागद कसे मिळवावेत आणि कसे वाचावेत

‘न्हाणीत पाय घसरून पडल्याने उपचारादरम्यान मयत.’ सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूंचे रजिस्टर चाळताना वृद्ध व्यक्तीच्या नावापुढे अशा धाटणीचे वाक्य वारंवार भेटते. हे सहा शब्द खोटे नसतात. मात्र आजी किती वाजता पडल्या, त्या वेळी जवळ कोण होते, त्या आधीही पडल्या होत्या का, पडल्यापासून डॉक्टर येईपर्यंत किती वेळ गेला आणि पडणे व मृत्यू यांच्यामध्ये किती दिवस होते, यांतले काहीही त्या सहा शब्दांत नसते. त्यांतली बरीचशी माहिती त्याच फाइलमध्ये पुढच्या पानांवर असते, काही रुग्णालयाच्या केसपेपरात असते आणि काही कोणीच लिहून ठेवलेली नसते. वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसांचे टाळता येण्याजोगे मृत्यू कशामुळे होतात हे ज्यांना अभ्यासायचे आहे, अशा समाजकार्याच्या, परिचर्येच्या आणि सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, तसेच स्वतःच्या संस्थेचा कारभार सुधारू पाहणाऱ्या व्यवस्थापकांसाठी हे टिपण लिहिले आहे.

ज्या देशांत कोरोनर, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी असतो, तेथे असे अभ्यास बरेच पुढे गेले आहेत. ऑस्ट्रेलियात २००० पासून कोरोनरांकडील प्रकरणांची राष्ट्रीय माहितीप्रणाली आहे आणि तिच्या आधारे मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध केले. जुलै २००० ते जून २०१३ या तेरा वर्षांत शुश्रूषागृहांतील रहिवाशांचे २१,६७२ मृत्यू कोरोनरांना कळवले गेले होते. त्यांपैकी ३,२८९ मृत्यू बाह्य कारणांनी झालेले होते. या बाह्य कारणांत पडण्यामुळे झालेले २,६७९, घास अडकून झालेले २६१, आत्महत्येचे १४६ आणि एका रहिवाशाने दुसऱ्यावर केलेल्या हल्ल्यातून झालेले ३४ मृत्यू होते. हे आकडे साताऱ्याला लागू करता येत नाहीत आणि कोणी तसे करूही नये. त्यांचा आपल्याला उपयोग एवढाच, की कोणते प्रकार शोधायचे ते आधी ठाऊक होते. घास अडकणे हे वृद्धांच्या मृत्यूचे स्वतंत्र कारण म्हणून शोधले नाही, तर आपल्या कागदांत ते कधीच दिसणार नाही, कारण आपल्याकडे असा मृत्यू ‘जेवताना अचानक अस्वस्थ वाटू लागल्याने’ या शब्दांमागे दडलेला असतो.

सातारा-सांगलीत कोरोनर कधीच नव्हता. १८७१ चा कोरोनर कायदा कोलकाता आणि मुंबई यांसारख्या मोजक्या शहरांपुरता होता आणि मुंबईतील ते पद १९९९ मध्ये रद्द झाले. आपल्याकडे हे काम पोलीस, कार्यकारी दंडाधिकारी आणि शवविच्छेदन करणारा वैद्यकीय अधिकारी या तिघांत विभागलेले आहे, त्यामुळे कोरोनरची एक फाइल जे सांगते ते आपल्याला तीन-चार कार्यालयांतून गोळा करून एकत्र जोडावे लागते. सारी मेहनत या जोडणीत आहे. ती जमली, तर आपले कागदही पुष्कळ बोलतात, असा माझा अनुभव आहे.

मृत्यूची नोंद कोणकोणत्या वाटांनी होते

प्रत्येक मृत्यूची एक नागरी नोंद असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यू २१ दिवसांच्या आत निबंधकाला कळवायचा असतो. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये भरले जाते आणि रुग्णालयाबाहेर झाला असेल तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते नमुना ४-अ मध्ये द्यायचे असते. अकस्मात, अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूची याखेरीज दुसरी वाट असते. त्याची खबर पोलिसांना दिली जाते, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवले जाते आणि चौकशीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो. ३० जून २०२४ पर्यंत या नोंदी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत होत्या आणि १ जुलै २०२४ पासून त्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतात. अभ्यासाचा कालावधी या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असेल, तर दोन्ही कलमांनी शोध घ्यावा लागतो, अन्यथा २०२४ च्या मध्यावर मृत्यू एकाएकी घटल्याचा भास होतो.

दुसऱ्या वाटेने जाणारे मृत्यू थोडे असतात आणि कोणता मृत्यू त्या वाटेने जाईल हे वैद्यकीय वस्तुस्थितीइतकेच माणसांच्या निर्णयावरही अवलंबून असते. वृद्धाश्रमाचे नेहमीचे डॉक्टर जवळ असतील आणि ते ‘वृद्धापकाळ’ असे लिहून देण्यास तयार असतील, तर पहाटे खोलीत मृतावस्थेत आढळलेल्या आजोबांचा मृत्यू पोलिसांपर्यंत पोहोचत नाही. डॉक्टर गावाला गेलेले असतील, तर तसाच मृत्यू अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरात येतो. म्हणून ज्या आश्रमाचे अधिक मृत्यू पोलीस रजिस्टरात आहेत तो अधिक निष्काळजी, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. अनेकदा तो केवळ अधिक प्रामाणिकपणे खबर देणारा आश्रम असतो. हे मी पहिल्याच टप्प्यावर सांगतो, कारण एका उत्साही विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाच्या मसुद्यात नेमकी हीच चूक केली होती आणि ती वेळीच लक्षात आली नसती, तर ज्या व्यवस्थापिकेने त्याला सर्वांत मोकळेपणाने दप्तर दाखवले होते, तिच्याच संस्थेवर ठपका आला असता.

प्रश्न आधी, कागद नंतर

काय मोजायचे ते ठरवल्याशिवाय एकही रजिस्टर उघडू नये. ‘वृद्धाश्रमातील मृत्यू’ म्हणजे आश्रमाच्या आवारात झालेला मृत्यू, की आश्रमात राहणाऱ्या व्यक्तीचा कोठेही झालेला मृत्यू? माझे स्पष्ट मत दुसऱ्या व्याख्येच्या बाजूने आहे. वाईजवळच्या आश्रमात मांडीचे हाड मोडलेल्या आजी साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात दाखल होतात, तेथून पुण्याला ससूनमध्ये पाठवल्या जातात आणि तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने जातात. आवाराची व्याख्या घेतली तर हा मृत्यू वाईचाही राहत नाही आणि साताऱ्याचाही राहत नाही. सांगली जिल्ह्यात हीच गोष्ट मिरज आणि कोल्हापूर यांच्या बाबतीत घडते. पडण्यामुळे होणारे वृद्धांचे मृत्यू बहुधा असेच, काही दिवसांनी आणि दुसऱ्या गावात होतात, म्हणून आवाराची व्याख्या नेमका तोच प्रकार गाळून टाकते, ज्यासाठी अभ्यास सुरू केला.

‘वृद्धाश्रम’ या शब्दाचीही व्याप्ती ठरवावी लागते. अनुदानित वृद्धाश्रम, धर्मादाय संस्थेचा आश्रम, पैसे घेऊन चालवलेले निवास, अंथरुणाला खिळलेल्यांसाठीचे शुश्रूषा केंद्र आणि नगरपालिकेचा बेघर निवारा यांतील माणसांची प्रकृती आणि मिळणारी देखभाल अगदी वेगळी असते. आपल्या बोलण्यात ‘नर्सिंग होम’ म्हणजे खाजगी दवाखाना, हेही ध्यानात ठेवावे आणि परदेशी निबंध वाचताना त्या शब्दाने फसू नये. वयाची अट मात्र सोपी आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा २००७ चा कायदा ६० वर्षे पूर्ण झालेल्यांना ज्येष्ठ मानतो, आणि वेगळे कारण नसेल तर तीच मर्यादा घ्यावी.

कालावधी किमान पाच वर्षांचा असावा, कारण एका जिल्ह्यात एका वर्षात सापडणारी प्रकरणे फार थोडी असतात. कोविडच्या साथीची २०२० आणि २०२१ ही वर्षे वगळण्याऐवजी वेगळी दाखवावीत. सांगलीच्या अभ्यासकाने ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा काळही चिन्हांकित करावा, कारण पुराच्या दिवसांत स्थलांतर, औषधांची टंचाई आणि नोंदींची ओढाताण या तिन्ही गोष्टी एकदम घडलेल्या असू शकतात.

परवानग्या

सर्वप्रथम आपल्या महाविद्यालयाच्या किंवा संलग्न संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी. ‘मृतांचे कागद वाचायचे, त्यात काय परवानगी’ असा युक्तिवाद काही जण करतात, परंतु मृताचे नातलग, त्याच खोलीत राहणारे सोबती आणि रात्रपाळीची काळजीवाहक बाई ही सारी जिवंत माणसे त्या कागदांत असतात. समितीच्या पत्रासह पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, संबंधित रुग्णालयाचे अधिष्ठाता किंवा अधीक्षक, जन्म-मृत्यूचे जिल्हा निबंधक आणि समाज कल्याण विभागाचे सहायक आयुक्त यांना स्वतंत्र अर्ज करावेत. अर्जात कालावधी, हवे असलेले रकाने आणि नको असलेले रकाने, असे तिन्ही लिहावे. ‘नाव, पत्ता व नातलगांचे तपशील टिपून घेतले जाणार नाहीत’ हे वाक्य अधिकाऱ्याचा संकोच जितका कमी करते, तितका कोणताही शिफारसपत्राचा कागद करत नाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज हा पर्याय आहे, पण तो पहिला पर्याय नव्हे. दहा रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत ऐकून तो सोपा वाटतो. त्यातून अकस्मात मृत्यूंची वर्षवार, ठाणेवार संख्या मिळू शकते आणि तेवढ्यासाठी तो उत्तम आहे. फाइलमधील जबाब व शवविच्छेदन अहवाल मात्र त्या मार्गाने मिळण्याची आशा धरू नये, कारण चालू तपासाला बाधा येण्याची आणि वैयक्तिक माहितीची अशी दोन्ही कारणे तेथे आड येतात.

मृत्यूच्या दाखल्याविषयी नवख्यांचा एक गैरसमज हमखास असतो. निबंधकाकडून कोणालाही मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागता येतो, परंतु १९६९ च्या अधिनियमाचे कलम १७ त्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करण्यास मनाई करते. म्हणजे शंभर दाखले जमवले, तरी एकाही मृत्यूचे कारण कळणार नाही. कारणासाठी नमुना ४ पाहण्याची स्वतंत्र परवानगी हवी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातलगाला द्यायची असते, त्यामुळे नातलग संमती देत असतील तर १ ऑक्टोबर २०२३ नंतरच्या मृत्यूंबाबत ती प्रत त्यांच्याकडेही मिळू शकते. आश्रमात राहणाऱ्या अनेकांना विचारपूस करणारे नातलगच नसतात, ही गोष्ट येथे पुन्हा एकदा टोचते.

प्रकरणे शोधणे

पोलिसांच्या रजिस्टरात ‘वृद्धाश्रम’ असा रकाना नसतो. शोध पत्त्यावरून घ्यावा लागतो. मयताच्या नावापुढे ‘मूळ रा.’ आणि ‘सध्या रा.’ असे दोन पत्ते असतील तर सध्याचा पत्ता नीट वाचावा. आश्रम, निवास, सदन, सेवाश्रम, निवारा, ट्रस्ट असे शब्द शोधावेत आणि त्याचबरोबर जिल्ह्यातील आश्रमांच्या नावांची व ते ज्या गावांच्या हद्दीत येतात त्या गावांची यादी सोबत ठेवावी, कारण पुष्कळदा केवळ गावाचे नाव लिहिलेले असते. दुसरी खूण खबर देणाऱ्याची असते. ७० वर्षांच्या मयताची खबर मुलाने किंवा पुतण्याने न देता ‘व्यवस्थापक’, ‘अधीक्षक’ किंवा ‘काळजीवाहक’ अशा व्यक्तीने दिलेली असेल, तर ते पान थांबून वाचावे. अनेक नोंदी रुग्णालयाच्या पोलीस चौकीतून आलेल्या असतात आणि तेथे खबर देणारा डॉक्टर असतो. अशा वेळी पत्त्याखेरीज आधार उरत नाही.

रुग्णालय दुसऱ्या हद्दीत असेल, तर नोंद आधी तेथील ठाण्यात शून्य क्रमांकाने, म्हणजे त्या ठाण्याचा स्वतःचा क्रमांक न देता, होते आणि कागद मूळ हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग होतात. एकच मृत्यू दोनदा मोजला जाणे किंवा वर्ग होताना कागद मागे पडून तो एकदाही न मोजला जाणे, या दोन्ही चुका येथेच होतात. म्हणून शोध एका टोकाकडून न करता दोन्ही टोकांकडून करावा. एका बाजूने पोलीस रजिस्टर, दुसऱ्या बाजूने आश्रमाची स्वतःची आवक-जावक वही, जिच्यात प्रत्येक रहिवासी कधी आला आणि कधी व कसा गेला हे असते. माझ्या मते आश्रमाची ही वही म्हणजे साऱ्या अभ्यासाचा कणा होय. तिच्यातील प्रत्येक मृत्यू घेऊन तो पोलीस नोंदीत आहे का, नागरी नोंदीत आहे का, रुग्णालयात आहे का, हे तपासले म्हणजे जे मृत्यू दुसऱ्या वाटेने गेलेच नाहीत, तेही दिसू लागतात. ‘रुग्णालयात हलवले’ अशी नोंद होऊन पुढे ओळ कोरी राहिलेली नावे तर विशेष काळजीने शोधावीत. ती माणसे परत आलेली नसतात आणि त्यांच्या मृत्यूची तारीख कोणाच्याच वहीत नसते.

फाइल वाचताना

अकस्मात मृत्यूच्या फाइलमध्ये सामान्यतः खबर, मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा, जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल आणि अंतिम अहवाल असतो. ती मागून पुढे वाचू नये. अंतिम अहवाल आधी वाचला की बाकी सारे कागद त्याच्याच चष्म्यातून दिसतात. खबरेपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक कागदातील घटनेची वेळ, जागा व शब्द वेगवेगळे टिपावेत. खबरेत ‘सकाळी सहाच्या सुमारास’ आणि जबाबात ‘रात्री कधीतरी’ असे असेल, तर त्या दोहोंतून एक निवडण्याची घाई करू नये. ती विसंगती हीच माहिती आहे, कारण रात्री पडलेली व्यक्ती सकाळपर्यंत कोणाच्या नजरेस आली नसण्याची शक्यता ती दाखवते.

घटनास्थळाच्या पंचनाम्याकडे वैद्यकीय विद्यार्थी दुर्लक्ष करतात आणि ते चुकते. फरशी ओली होती का, उंबरठा किती उंच, दिवा कोठे, कठडा आहे का, पायांत काय होते, यांपैकी काही ना काही पंचांसमोर लिहिले गेलेले असते, आणि प्रतिबंधाच्या दृष्टीने शवविच्छेदनापेक्षा हा एक कागद अधिक उपयोगी पडतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यातील ओल, किंवा माण आणि जत तालुक्यांतील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालची खोली, असे तपशील फक्त येथेच सापडू शकतात.

शवविच्छेदन अहवालाच्या छापील नमुन्यात १७ व्या रकान्यात शरीरावरील बाह्य जखमा असतात, १८ व्या रकान्यात बाहेरून तपासताना जाणवणाऱ्या, अस्थिभंगासारख्या इतर इजा आणि १९ व्या रकान्यात डोक्याच्या इजा. मृत्यूच्या कारणाची शेवटची ओळ वाचून पुढे जाणारा अभ्यासक १७ व्या रकान्यातील खजिना गमावतो. माकडहाडावरील अंथरुणव्रण, रंग बदललेले जुने काळे-निळे डाग, भरत आलेल्या खरचटण्याच्या खुणा यांतून त्या व्यक्तीचे शेवटचे काही आठवडे कसे गेले याचा अंदाज येतो. तरीही एक सावधगिरी हवी. म्हाताऱ्या त्वचेवर किरकोळ स्पर्शानेही डाग पडतात आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते मोठे दिसतात, म्हणून अशा डागांवरून मारहाणीचा निष्कर्ष काढण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. न्यायवैद्यकशास्त्राच्या शिक्षकाला बरोबर घेतल्याशिवाय हा रकाना संकेतबद्ध करू नये, म्हणजे त्यातील नोंदींना ठरलेले संकेतांक देऊ नयेत. श्वासनलिकेत अन्नकण सापडले की घास अडकला, असेही समजू नये, कारण प्राण जाताना किंवा छाती दाबून श्वास देण्याच्या प्रयत्नातही पोटातील अन्न वर येऊ शकते. घटना जेवताना घडली होती का, हे जबाबातून पडताळून घ्यावे.

‘मृत्यूचे कारण राखीव, व्हिसेरा जतन’ असे लिहिलेल्या, म्हणजे अवयवांचे नमुने तपासणीसाठी राखून ठेवलेल्या, प्रकरणांत रासायनिक पृथक्करणाचा अहवाल व अंतिम मत नंतर येते. ते आले नसेल, तर प्रकरण ‘अनिर्णित’ म्हणूनच मोजावे. ‘बहुधा हृदयविकारच असणार’ अशी भर घालण्याचा मोह कितीही झाला, तरी तो टाळावा.

कारणांची वर्गवारी

वैद्यकीय प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळींत तात्काळ कारणापासून मूळ कारणापर्यंत साखळी लिहायची असते आणि दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार असतात. प्रत्यक्षात अनेकदा पहिल्या ओळीत ‘हृदय-श्वसनक्रिया बंद पडणे’ असते आणि खालच्या ओळी रिकाम्या असतात. हृदय बंद पडणे हा मरणाचा प्रकार झाला, ते कारण होत नाही. अशा प्रमाणपत्रासाठी ‘मूळ कारण अनुपलब्ध’ असा वेगळा गट ठेवावा आणि त्या गटाची संख्या निष्कर्षांत ठळकपणे छापावी.

आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पडण्याचे संकेतांक डब्ल्यू ०० ते डब्ल्यू १९ आहेत, अन्न किंवा इतर वस्तू श्वासमार्गात अडकण्याचे डब्ल्यू ७९ आणि डब्ल्यू ८०, हेतुपूर्वक स्वतःला केलेल्या इजेचे एक्स ६० ते एक्स ८४ आणि हेतू ठरवता न आलेल्या घटनांचे वाय १० ते वाय ३४. हे संकेतांक घटनेची यंत्रणा, म्हणजे इजा कशी झाली ते, सांगतात. मांडीच्या हाडाचा भंग, म्हणजे एस ७२, ही झालेली इजा. दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत. ‘चक्कर येऊन पडल्याने’ हा शब्दप्रयोग सर्वांत जास्त वाद निर्माण करतो. चक्कर पक्षाघाताची होती, साखर उतरल्याची होती, रक्तदाबाच्या गोळीने होती, की पडलेल्या माणसाविषयी बोलण्याची ती केवळ आपली रीत आहे? पुरावा असेल तर मूळ आजार लिहावा, नसेल तर पडणे ही यंत्रणा आणि ‘चक्कर : ऐकीव’ अशी नोंद करावी. त्यासाठी आधीच एक नियम लिहून काढावा आणि तो मध्येच बदलू नये.

प्रत्येक मृत्यूसाठी भरायच्या नोंदपत्रकात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे रकाने तीन आहेत : घटना ते मृत्यू यांतील दिवस, घटना ते पहिली वैद्यकीय तपासणी यांतील तास, आणि आश्रमात दाखल झाल्यापासूनचा काळ. शेवटचा रकाना अनेकांना सुचत नाही. नव्या जागेत रात्री उठून चाचपडणाऱ्या माणसाची जोखीम जुन्या रहिवाशापेक्षा वेगळी असते, हे तपासण्याचा तोच एक मार्ग आहे. काठी किंवा वॉकर, झोपेची गोळी, दृष्टी, पूर्वीचे पडणे हे रकानेही हवेतच, आणि प्रत्येकाला ‘होय’, ‘नाही’ व ‘नोंद नाही’ अशी तीन उत्तरे असावीत. कागदावर झोपेच्या गोळीचा उल्लेख नाही म्हणजे ती दिली जात नव्हती असे नव्हे, तर कोणी विचारलेच नव्हते. ‘नोंद नाही’ला ‘नाही’ समजणे ही या प्रकारच्या अभ्यासातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक आहे.

किमान एक पंचमांश फाइली दोन व्यक्तींनी एकमेकांना न विचारता संकेतबद्ध कराव्यात, मग जुळणी मोजावी आणि जेथे जुळले नाही तेथे तिसऱ्या, अनुभवी व्यक्तीकडून निर्णय घ्यावा. दोघांपैकी एक जण ठाण्याची भाषा जाणणारा असावा. ‘औषधोपचारापूर्वीच मयत’ आणि ‘उपचारादरम्यान मयत’ यांतील फरक शहरी विद्यार्थ्याच्या नजरेतून सहज निसटतो, पण पहिल्यात रुग्णालय गाठण्याआधीचा वेळ आणि दुसऱ्यात रुग्णालयातील काळ दडलेला असतो.

दर काढणे

केवळ मृत्यूंची संख्या सांगून काही कळत नाही, किती जणांतून झाले ते सांगावे लागते. आश्रमाच्या वहीवरून दर महिन्याच्या पहिल्या तारखेची रहिवासी संख्या घ्यावी, तिची सरासरी काढावी आणि वर्षांनी गुणावी. समजा सहा आश्रमांत मिळून सरासरी २१० माणसे राहतात आणि कालावधी पाच वर्षांचा आहे, तर १,०५० व्यक्ती-वर्षे झाली. त्यात पडण्यामुळे १२ मृत्यू सापडले, तर दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ११.४ येतो. इतक्या लहान संख्येवर ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा दर ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता असते तो पट्टा, सुमारे ५.९ ते २० इतकी रुंद असते. म्हणून ‘अमुक आश्रमात तमुकपेक्षा दुप्पट’ अशी वाक्ये लिहू नयेत. दोन जिल्हे एकत्र केले तर मर्यादा थोडी आवळते, आणि सातारा व सांगली यांच्या अभ्यासकांनी एकच नोंदपत्रक वापरावे असे मला मनापासून वाटते ते याचसाठी. पोलीस नोंदीत न आलेले मृत्यू आश्रमाच्या वहीतून सापडले असतील, तर दोन्ही दर शेजारी शेजारी छापावेत. त्यांतील अंतर हा स्वतंत्र निष्कर्ष असतो.

गोपनीयता आणि त्यानंतर

लहान जिल्ह्यात नाव गाळल्याने ओळख लपत नाही. ‘पाचगणीतील आश्रमात राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका, वय ८७’ एवढे लिहिले की गावाला कळते. वय पाच किंवा दहा वर्षांच्या गटात, तारीख ऋतूत आणि जागा जिल्ह्यात बदलून लिहावी. पाचपेक्षा कमी संख्या असलेली तक्त्यातील चौकट रिकामी ठेवावी आणि एकूण संख्येवरून ती संख्या वजाबाकीने कळत नाही ना, हेही पाहावे. मूळ नावे व अभ्यास क्रमांक यांची यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. फाइलींची मोबाइलवर छायाचित्रे घेऊ नयेत, मग कर्मचाऱ्याने हरकत घेतलेली नसली तरीही.

वाचताना गंभीर निष्काळजीपणा किंवा छळ दिसला, आणि तो चौकशीत आलेला नसेल, तर काय करायचे हे नैतिकता समितीच्या अर्जातच लिहून ठेवावे : कोणाला कळवणार, किती दिवसांत, आणि कोण कळवणार. तो आश्रम अजून चालू असेल, तर त्याच खोलीत आज दुसरी कोणीतरी राहत असते. अशा वेळी अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत थांबणे मला मान्य नाही.

निष्कर्ष आधी आश्रमांना, बंद दाराआड, ज्याचे त्याला द्यावेत. आकडे वाचून दाखवण्यापेक्षा प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करावी. पंचनाम्यांतून ज्या जागा पुन्हा पुन्हा आल्या असतील, त्या न्हाणीचा उंबरठा, संडासकडे जाणारा अंधारा बोळ आणि पलंगाची उंची व्यवस्थापकांबरोबर मोजावी. रात्रपाळीला किती माणसांमागे किती काळजीवाहक असतात, हे त्या काळजीवाहकांनाच विचारावे आणि त्यांचे उत्तर पंचनाम्यांतील वेळांशी ताडून पाहावे. पुढच्या वर्षासाठी त्यांच्या आवक-जावक वहीत चार रकाने वाढवून द्यावेत : पडल्याची वेळ, जागा, कोणी पाहिले, आणि रुग्णालयात हलवलेल्या व्यक्तीचे पुढे काय झाले. चौथा रकाना भरण्यासाठी तीस दिवसांनी रुग्णालयाला एक फोन करायचा असतो, आणि तो कोणी करायचा हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवून घ्यावे.